बिनसांडव्याचं धरण

पोर्टलीश, आयर्लंड, १९ एप्रिल २०१८

प्रभा,

पोचलो. तू विचारणार नाहीस, म्हणून आपणहून सांगतो.

निघताना दारात बजावलंस, "तिच्या घरातून मला फोन करायचा नाही. काम झालं की विमानतळावरून करा." फोन करू नका म्हणालीस, पत्र लिहू नका म्हणाली नाहीस. पाटबंधारे खात्यात उभी हयात गेली माझी. नियमात फट कुठे आहे ते मला झोपेतही दिसतं. तेव्हा आता वाच. फाडायचं असलं तरी आधी वाचशील, हे मला ठाऊक आहे.

चैत्राली डब्लिनला घ्यायला आली होती. बारीक झालीय. गाडी झकास चालवते. स्टिअरिंगवरचे तिचे हात बघितले. नखांत माती, तळव्याला घट्टे, एका बोटाला चिकटपट्टी. या हातांनी लेकरं तपासायची होती, प्रभा. पहिल्याच दिवशी तोफ डागायची नाही असं ठरवून आलोय. नव्वद दिवसांचा व्हिसा आहे, जुलैच्या मध्यापर्यंत तिला समजावून हॉस्पिटलात परत रुजू करतो. दमानं घेतो.

ती राहते ऊना फेलन नावाच्या बाईंच्या घराच्या मागच्या भागात. ऊनाबाई तिच्याच हॉस्पिटलात नर्स होत्या, आता निवृत्त झाल्यात. सगळ्याला "ग्रँड" म्हणतात. पाऊस पडतोय, ग्रँड. दूध नासलं, ग्रँड. तू दोन दिवसांत त्यांच्याशी भांडली असतीस. त्यांची ओढ्याकाठी पाणथळ जमीन आहे. तिला जाळीचं कुंपण घालून आत बीव्हरची जोडी ठेवलीय, आणि त्यांची देखभाल आपली लेक करते.

बीव्हर म्हणजे घुशीचा थोरला भाऊ समज. चांगला कुत्र्याएवढा. शेपूट उलथन्यासारखं चपटं, दात गाजराच्या रंगाचे. मासे खात नाही, मांस खात नाही, झाडाच्या साली खातो. झाडं कुरतडून पाडतो आणि ओढ्यावर धरण बांधतो. हो, धरण. डॉक्टरकी सोडून आपली पोरगी धरणं बांधणाऱ्या घुशी सांभाळते. बापाचं रक्त म्हणशील. म्हण.

इतर देशांत माणसांनी कातड्यासाठी मारून मारून हे संपवले आणि आता पुन्हा आणून नद्यांत सोडतायत. आयर्लंडची गोष्ट वेगळी. इथे बीव्हर कधी नव्हतेच म्हणतात. त्यामुळे सरकारी लोक म्हणतात, नसलेल्याला परत कसं आणायचं? शेवटी कुंपणात ठेवून बघायला परवानगी मिळाली. येत्या सप्टेंबरात निकाल आहे. जनावरं आणि पाणी कुंपणात राहिलं, शेजाऱ्याचं काही बिघडलं नाही, तर मोकळ्या नदीत सोडण्याचा विचार करतील. नाहीतर जोडी स्कॉटलंडला परत. आणि जोडी गेली की आपल्या लेकीला इथे काही काम उरत नाही.

म्हणजे मला फार काही करावंही लागणार नाही कदाचित. बघू.

उल्हास

२ मे २०१८

प्रभा,

आज धरण तपासलं. तुला खोटं वाटेल, पण मी अर्धा तास नुसता उभा होतो.

काटक्या, चिखल, गोटे, मध्ये आख्खी झाडं. भराव असा रचलाय की आमच्या खात्यातल्या दोन-तीन कंत्राटदारांना इथे आणून नाक घासायला लावावं. मागे पाणी साठलंय ऐसपैस, आणि त्या पाण्यात लाकडांचा ढीग करून यांचं घर. घराचं दार पाण्याखाली, म्हणजे कोल्हा-कुत्रा आत शिरू नये. एवढी अक्कल! आणि एवढं सगळं करून धरणाला सांडवा नाही!

जादा पाण्याला वाट नको? तुला सांगायला नको सांडव्याचं महत्त्व. आपल्या लग्नात सप्तपदी चालू असताना ओव्हरसियर मला सांडव्याला गेलेला तडा सांगायला मांडवात शिरला होता आणि तुझे काका त्याच्या अंगावर धावून गेले होते. चैत्रालीला विचारलं, "अगं, सांडवा कुठाय?" तर हसली. "बाबा, त्यांना अजून इरिगेशनवाले भेटले नव्हते." 

बऱ्याच दिवसांनी तिला हसताना पाहिलं. पण ते हसू वरवरचंच होतं.

इथे यंदा थंडी लांबली, बर्फ पडलं, मग पावसानं झोडपलं. गवत उशिरा आलंय, गुरं अजून गोठ्यात. वरच्या अंगाला डेलनी म्हणून शेतकरी आहे, माझ्याच वयाचा, बायको वारलेली, तोंडानं फटकळ. त्याची जमीन आमच्या वरही आहे आणि खालीही. धरणाचं पाणी फुगून त्याच्या वरच्या शेताच्या कडेला लागलंय, बूट रुततो. काल बांधावर उभा राहून मला म्हणाला, "तुमच्या त्या उंदरांना सांगा, माझ्या गवतात पाणी आलं तर मी एक फोन करीन आणि खेळ खलास." त्याचं इंग्रजी अर्धं माझ्या डोक्यावरून जातं. पण शेतकरी पाण्यावर बोलायला लागला की भाषा लागत नाही.

खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. त्यानं फोन करावा आणि आपलं काम व्हावं. पण प्रभा, चुकीचं बांधलेलं धरण डोळ्यांसमोर असलं की मला जेवण जात नाही. तुला माहितीय.

चैत्रालीशी बोलायचा प्रयत्न केला. तुझं नाव निघालं की ती उठते आणि कपबशा विसळायला लागते, स्वच्छ असल्या तरी. दोन वर्षं तू अबोला धरलास, तिनंही धरला. मायलेकी एकाच माळेचे मणी आहात. मध्ये मी, मृदंगासारखा, दोन्हीकडून मार खायला.

उल्हास

११ मे २०१८

बाईसाहेब,

तुमच्या नवऱ्यानं अडुसष्टाव्या वर्षी सांडवा काढला. टाळ्या!

चैत्राली पाच दिवसांसाठी ॲथलोनला गेलीय, तिथल्या कॉलेजात पोरांना बीव्हरविषयी सांगायला. मी डेलनीला म्हटलं, तुझ्या शेतातलं पाणी मी उतरवून देतो, फावडं आण. तो आधी माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तू खरंच इंजिनिअर आहेस?" मी म्हटलं, "साहेब म्हणायचे मला." फावडं, पहार आणि ढकलगाडी घेऊन हजर झाला. दोघे म्हातारे कंबर धरून दिवसभर खपलो. धरणाच्या उजव्या टोकाला, कुंपणाजवळ, झक्क चर काढला, तळाला दगड बसवले. पाणी असं खळाळून गेलं म्हणून सांगू! डेलनीनं टोपी काढली. मी सातारी थाटात मिशीवरून हात फिरवला, मिशी नसताना.

सकाळी जाऊन बघतो तर सांडवा बंद. काटक्या, चिखल, वरून माझेच दगड! 

म्हटलं, असं आहे होय. पुन्हा उकरला. पुन्हा बुजवला. चैत्रालीनं मागे कधीतरी सांगितलं होतं की वाहत्या पाण्याचा आवाज आला की त्यांना राहवत नाही. म्हणजे मी जितकं छान काम करणार तितके ते चिडणार. आज डेलनीनं गोठ्याचा जुना पत्रा आणला, तो उभा ठोकून चर खोल केला. आता बुजवून दाखवा म्हणावं. तळ्याचं पाणी गुडघाभर उतरलंय, डेलनीच्या शेतात गवत दिसायला लागलंय, तो खूष आहे. आता फोनही करणार नाही.

चैत्रालीला अजून सांगितलं नाही. परवा उशिरा येईल. पाणी आणखी उतरलं की आयतंच दाखवीन. लेक म्हणेल, बाबा, तुम्ही वाचवलंत.

हो, हो, कळतंय मला. तू मला तिला परत आणायला पाठवलंस आणि मी तिचा प्रकल्प वाचवत बसलोय. पण हातात पहार आली की माझं डोकं बाजूला पडतं, त्याला मी काय करू?

उल्हास

२१ मे २०१८

प्रभा,

वाईट झालं. मी केलं.

त्यांच्या धरणाला सांडवा नव्हता असं मी म्हणत होतो. अगं, त्यांचं अख्खं धरणच सांडवा होतं. पाणी सगळ्या लांबीवरून, काटक्या-काटक्यांतून, झिरपत झिरपत जात होतं, कुठेच जोर नव्हता. मी ते सगळं एका जागी गोळा केलं आणि धार सोडली कुंपणाच्या पायथ्याशी. सांडव्याखाली धूप होते, हे मी ज्युनियर पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचो. चैत्राली परत यायच्या आतच दोन दिवस जोराचा पाऊस लागला आणि ओढ्यावरच्या जाळीखालची माती वाहून गेली. माणूस सरपटत जाईल एवढं भगदाड. वर पाणी उतरून बीव्हरांच्या घराचं दार उघडं पडलं. दार उघडं पडल्यावर त्यांनी काय करावं? गेले. दोघेही, भगदाडातून, ओढ्यानं खाली.

चैत्रालीनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिनं पत्रा बघितला, माझे दगड बघितले, चिखलातले पंजांचे ठसे बघितले. मग एवढंच म्हणाली, "बाबा, ती पोटुशी आहे." 

मला तोंड लपवायला जागा नव्हती. 

तिनं लगेच फोन करून सरकारी माणसांना कळवलं. लपवाछपवी तिला जमत नाही, हे तिनं तुझ्याकडून घेतलंय. ते आले, चार दिवस ओढा धुंडाळला, पिंजरे लावले. काही नाही. कोणी म्हणतं मोटारीखाली आले असतील, कोणी म्हणतं कुत्र्यांनी मारले असतील. परवानगी थांबवलीय. जनावरं जिवंत, कोणाचं नुकसान न करता सापडली तर फेरविचार, नाहीतर फाईल बंद.

काल रात्री जेवताना ती म्हणाली, "हॉस्पिटलात ऑगस्टपासून जागा आहे, बाबा. सहा जुलैपर्यंत होकार कळवायचाय. कळवते." 

झालं. तुझं काम झालं. विमानतळावरून फोन करायची गरज नाही, हे वाच आणि पेढे वाट. 



उल्हास

१२ जून २०१८

प्रभा,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, दोन ओळी. "काम झाल्याचं कळलं. गोळ्या घेता का?" शेवटी तू गणिताची बाई, उत्तराखाली दोन रेघा मारल्यास, संपलं. गोळ्या घेतोय.

आता तू विचारलं नाहीस ते सांगतो.

मी रोज तिच्याबरोबर ओढ्यानं चालतो. ती अजून शोधतेय. कुरतडलेली फांदी, पायाचा ठसा, काहीही. होकार कळवायचाय, डॉक्टरचा पांढरा कोट धुऊन ठेवलाय, तरी शोधतेय. परवा एका पुलाच्या कठड्यावर टेकलो. मी म्हटलं, "आता तरी सांग. का सोडलीस डॉक्टरकी? आई म्हणते, कुणीतरी तुला फूस लावली."

कठड्यावरचं शेवाळ नखानं खरवडत म्हणाली, "बाबा, पोरं बरी व्हायची. खूप आजारी पोरं बरी व्हायची. आईबाप रडायचे, माझे हात धरायचे, आणि मला काहीच वाटायचं नाही. मी पुढचं पोर बघायला जायचे. दुःख झालं नाही तर समजू शकते, सवय होते म्हणतात. पण मला आनंदच होईना. एकदा एक बाळ वाचलं, सगळा वॉर्ड नाचला, आणि मी विचार करत होते की माझा डबा फ्रीजमध्ये आहे का. त्या दिवशी मी घाबरले. म्हटलं, अशी माणसं लेकरांच्या जवळ असू नयेत."

ऊनाबाईंनी ते ओळखलं आणि तिला इकडे आणलं, "चिखलात हात घाल काही दिवस" म्हणून. फूस वगैरे काही नाही गं.

मी म्हटलं, "हे आईला का नाही सांगितलंस?" तर म्हणाली, "आईनं माझ्या बारावीला वर्षभर टीव्हीवर चादर टाकून ठेवली होती. तिला काय सांगू, मला काही वाटत नाही म्हणून?"

प्रभा, आपण दोघांनी तिला एकदाही विचारलं नव्हतं. तू ओरडलीस, मी गप्प बसलो. मला वाटायचं, गप्प बसणं म्हणजे तिची बाजू घेणं.

घरी परत येताना तिनं रोज विचारते तेच विचारलं. "बाबा, ती जगली असेल का हो?" बीव्हरची मादी. मी म्हटलं, असेल. मला काय माहीत?

उल्हास

३० जून २०१८

प्रभा,

इथे दुष्काळ पडलाय. हसू नकोस. तीन-चार आठवडे पाऊस नाही, तर पेपरात मोठाले मथळे, बागेला पाणी घालायला बंदी, टीव्हीवर पिवळं गवत दाखवतात. आपल्या माणदेशातला एखादा आला तर यांची पाठ थोपटेल. पण गुरांना खरंच चारा नाही. डेलनीनं हिवाळ्यासाठी ठेवायचं गवत आत्ताच घालायला सुरुवात केलीय. तोंड उतरलंय त्याचं.

मी आता एकटाच फिरतो. चैत्रालीनं शोधणं सोडलं. तिनं "ठीक आहे" म्हटलं आणि सोडलं, ते मला जास्त लागलं.

फिरताना मी जनावरं शोधत नव्हतो. मी नुसता ओढा बघत होतो, सर्व्हेला निघाल्यासारखा. इथे पात्र रुंद, इथे काठ भुसभुशीत, इथे बांधण्यात अर्थ नाही. असं बघत बघत डेलनीच्या खालच्या रानात उतरलो, पार टोकाला. तिथे दोन्ही काठ जवळ येतात, मागे खोलगट, विलोची झाडी दाट. मनात म्हटलं, उल्हासराव, बांधायचं तर इथेच. आणि वळून बघतो तर बांधलेलं होतं!

धरण, प्रभा. ताजं. मागे पाणी तुडुंब आणि आजूबाजूला सगळं रान करपलेलं असताना तेवढा पट्टा हिरवागार. डेलनीची गुरं काठाशी निवांत पाणी पीत होती. मी तिथेच खाली बसलो.

मागून डेलनी आला. त्याला ठाऊक होतं. आठवडाभर ठाऊक होतं आणि तो गप्प होता. "विहिरीचं पाणी खाली गेलंय," म्हणाला, "आणि हे इथे उभं आहे. मी सांगितलं असतं तर उद्या पिंजरे घेऊन आले असते. तूही बोलू नकोस. तुझी मुलगी सरळ आहे, तिला कळलं की ती फोन करणार." थोड्या वेळानं म्हणाला, "पिल्लं आहेत. मी बघितली."

मी घरी आलो आणि गप्प बसलो. 

आता खरं सांगतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगणार? डेलनीच्या गुरांसाठी मी गप्प बसलो नाही. बोललो तर जनावरं सापडली, कोणाचं नुकसान नाही, उलट फायदा. प्रकल्प पुन्हा उभा राहतो आणि चैत्राली हॉस्पिटलात जात नाही. नाही बोललो तर सहा तारखेला ती होकार कळवते आणि तुला तुझी डॉक्टर मुलगी परत मिळते. मी घरी येतो, तू दार उघडतेस, आपलं घर पहिल्यासारखं होतं. फक्त तोंड मिटून बसायचंय. आयुष्यभर तेच केलंय, येतं मला.

आज जेवताना तिनं पुन्हा विचारलं. "जगली असेल का हो?" आता ती उत्तरासाठी थांबतही नाही, सवयीनं विचारते. मी मान खाली घालून वरण ओरपत राहिलो. तिनं लिंबू पिळून दिलं. 

काय करू, प्रभा? तू समोर असतीस तर म्हणाली असतीस, "काय करू म्हणून विचारताय काय, मी सांगितलंय ते करा." म्हणून तर विचारवत नाही.

उल्हास

७ जुलै २०१८

प्रभा,

हे कुरियरनं पाठवतोय, माझ्याआधी पोचायला हवं. तोंडी सांगायला गेलो तर तू मध्येच उठून स्वयंपाकघरात जाशील.

मी सांगितलं तिला.

गुरुवारी संध्याकाळी. इथे जुलैत रात्री दहापर्यंत उजेड असतो. ती मेजाशी बसून हॉस्पिटलला कळवायचं लिहीत होती, सकाळी पाठवायचं म्हणून. चेहरा असा की शेजारच्याचं बिल भरतेय. मी चपला घातल्या आणि म्हटलं, "चल." "कुठे?" म्हटलं, "चल म्हणतो ना!" मी तिच्यावर आवाज चढवला, असं तिच्या लहानपणापासून झालेलं नाही. ती मुकाट्यानं उठली.

डेलनी तिथे बादली उपडी घालून बसला होता. तिला बघून त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्याचं घर जाळलंय. मग सरकून तिला जागा करून दिली. 

आम्ही तिघे बसून राहिलो. आधी नर दिसला, नुसतं डोकं पाण्यावर. मग ती. तोंडात विलोची फांदी धरून सावकाश येत होती, आणि तिच्या मागे पिल्लू. एवढंसं, केसाळ. त्यानंही एक काडी धरली होती, वीतभर. आई धरणावर चढली, फांदी खोचली, चिखल थापला. पिल्लू चढायला गेलं आणि गडगडत पाण्यात. पुन्हा चढलं, पुन्हा गडगडलं. काडी सोडायला तयार नाही पठ्ठ्या! वर पोचलं एकदाचं, काडी ठेवली, आणि ती काडी लगेच वाहून गेली. ते तिच्याकडे बघत राहिलं.

चैत्राली हसायला लागली. तोंडावर हात दाबून, अंग गदगदा हलतंय, डोळ्यांतून पाणी. मी घाबरलो, म्हटलं काय झालं? तिनं माझा दंड इतका घट्ट धरला की अजून काळानिळा आहे. "बाबा," म्हणाली, "मला आनंद झालाय. बाबा, खरंच झालाय." 

मी रडलो, प्रभा. डेलनीच्या देखत. तो दुसरीकडे बघत टोपी चाचपत होता.

सकाळी तिनं हॉस्पिटलला नकार कळवला आणि त्याच फोनवरून सरकारी माणसांना, बीव्हर सापडलेत म्हणून. डेलनी म्हणाला होता तेच. दुपारी ते पिंजरे घेऊन आले तर फाटकात डेलनीचा ट्रॅक्टर आडवा. "माझ्या रानात माझी परवानगी," म्हणाला. "ही आता माझी जनावरं आहेत. एक फोन करीन म्हणायचो, आता करतोच, पेपरवाल्यांना." ऊनाबाई चहाची किटली घेऊन मध्ये उभ्या राहिल्या, सगळ्यांना ग्रँड, ग्रँड म्हणत. शेवटी ठरलं, पिल्लं मोठी होईपर्यंत हात लावायचा नाही. डेलनी आपलं खालचं रान कुंपणात घ्यायला तयार आहे. सप्टेंबरात निकाल. काय लागेल सांगता येत नाही. नेतीलही परत. ते तिला ठाऊक आहे आणि तरी ती आज गुणगुणत कपडे वाळत घालत होती.

डॉक्टरकीला ती कधी परत जाईल का? मी विचारलं नाही. विचारणारही नाही. आणि तूही विचारू नयेस असं मला वाटतं. छत्तीस वर्षांच्या संसारात मी तुला हे पहिल्यांदा सांगतोय.

तुझं काम मी बुडवलं. या वेळी चुकून नाही, जाणूनबुजून. गल्लीत कोणी विचारलं, तुमची मुलगी काय करते, तर तू काय सांगायचंस ते मला सुचत नाही. राग यायचा तेवढा येऊ दे. मी शुक्रवारी पोचतोय, सगळा माझ्यावर काढ, तिच्यावर नको.

आता शेवटचं. परवा ते पिल्लू चौथ्यांदा गडगडलं तेव्हा ती हसता हसता म्हणाली, "आई असती तर म्हणाली असती, शाब्बास, पुन्हा कर." मी जपून विचारलं, "आईला सांगू का हे?"

"नको," म्हणाली. "ती रागावेल."

मग पाण्याकडे बघत बसली. पिल्लू आत गेलं, आई आत गेली, डेलनी बादली उचलून निघाला. आम्ही उठलो, बांधापर्यंत आलो. मी फाटकाची कडी लावत होतो, तेव्हा मागून तिचा आवाज आला.

"बाबा, सांगा आईला."

उल्हास